सरपणाच्या खोलीतली लोकरीची मांजरं

कुणाची ख्याती गाण्याची असते, कुणाची पुरणपोळीची. माझी ख्याती समोरून येण्याची. नवरा धडधाकट, पोरंबाळं जागच्या जागी, कपाळ मोठं आणि त्यावरचं कुंकू त्याहून मोठं, म्हणून कुंभकोणमात मेलकावेरीच्या आमच्या गल्लीत कुणी चांगल्या कामाला निघालं की मला निरोप येतो, अंबुजाबाई, जरा समोरून या. मग मी तांब्याची घागर भरायची, कमरेवर घ्यायची आणि अगदी सहज चालले आहे असं तोंड करून त्यांच्या दारासमोरून जायचं. भरली घागर घेतलेली सुवासीण समोर आली की काम फत्ते. मी भिंतीआड उभी राहून त्यांच्या खोकण्याची वाट बघत होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. देवाला तेवढं ठाऊक नसावं अशी त्यांची समजूत. देव काय एवढा बावळट आहे?

सगळ्यात जास्त घागरी मी वाहिल्या त्या भिंतीपलीकडच्या सेतुरामरावांसाठी. पितळी भांड्यांचं दुकान, बोटात पुष्कराज, आणि दर एकादशीला गोविंदपुरम्‌ला विठ्ठलापुढं टाळ कुटणारा माणूस. भजनात याचे डोळे असे काही मिटतात की बघणाऱ्याला वाटावं, आता विठोबा याला उचलून नेतो. मला तेव्हाच डोळे मिटून दूध पिणारी मांजर आठवायची. आज त्या घराचं नाव काढलं तरी मला शिसारी येते. का ते सांगते. पण सांगायचं आहे ते सेतुरामाबद्दल नाही, त्याच्या थोरल्या भावजयीबद्दल, मीनाक्षीबाईबद्दल.

मीनाक्षीबाईचा नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा तिची गोमती पाळण्यात होती. सासूनं दहाव्या दिवशी न्हाव्याला बोलावलं, सुनेचे केस उतरवले आणि तिच्या अंगावर लाल अलवण चढवलं. गल्लीतले वकील, मास्तर, शिकलेसवरलेले सगळे आपापल्या ओट्यावर बसून पान खात होते. माझं तेव्हा नवंनवं लग्न झालेलं, मी खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून त्या घरात स्वयंपाक मीनाक्षीबाईनंच करायचा, कारण तिच्याइतकं सोवळं दुसरं कोण? श्राद्ध असो, व्रत असो, तिच्या हातचं अन्न देवाला चालायचं, पितरांना चालायचं. तिचं तोंड मात्र कुणाला चालायचं नाही.

म्हणून त्यांच्याकडे एक रीत पडली होती. असली रीत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही आणि देव करो, पाहायला न मिळो. त्यांच्या परसाकडे सरपणाची खोली आहे. घरातलं कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की सेतुरामाची बायको कामाक्षी आधी घरातली मांजरी पकडायची. भाताच्या कोठीत उंदीर होतात म्हणून पाळलेली ती राखाडी मांजरी. ती आडवी जाऊ नये म्हणून तिला सरपणाच्या खोलीत टाकायची. मग वळून म्हणायची, "अक्का, तुम्हीपण." मीनाक्षीबाई हातातलं काम ठेवून निमूट आत जायची. बाहेरून कडी. मग पुढच्या दाराशी सेतुराम खोकायचा आणि मी घागर घेऊन निघायची. मांजर आणि माणूस एका कडीआड, आणि मी मेली शकुनाची! घरी येऊन मी घागर पालथी करायची.

आत बसून मीनाक्षीबाई विणायची. कुंभकोणमात लोकर कशाला, असं कुणीही विचारेल. इथं अंगावरचा पंचा नकोसा होतो. पण लढाईच्या काळात कुण्या मोठ्या अंमलदाराच्या बायकोनं घराघरांत लोकरीचे गुंडे वाटले होते, सैनिकांना गळपट्टे हवेत म्हणून. बायकांना गोळा करून सुया कशा धरायच्या, सुलट टाका कसा, उलट कसा, सगळं शिकवलं होतं. पुष्कळजणींनी चार दिवस हौस केली आणि सोडून दिली. मीनाक्षीबाईला मात्र सासूनंच बसवलं. म्हणाली, सुताला विटाळ लागतो, लोकरीला लागत नाही, लोकर सदा सोवळी. सोवळ्यातल्या बाईला दुसरं करमणुकीचं काय देणार? त्या म्हातारीनं जन्मात एवढंच एक बरं केलं, तेही शास्त्र बघून.

लढाई संपली, म्हातारी गेली, विणणं राहिलं. सेतुरामानं त्याचाही उपयोग शोधला. कामापुरता मामा तसा हा. उटकमंडची गिऱ्हाइकं, थंड गावाला बदली झालेले साहेब, ज्यांच्याकडे याचं काही अडलेलं, त्यांच्या मापाचे स्वेटर भावजयीकडून विणून घ्यायचा आणि आपल्या हातानं भेट द्यायचा. कुणी विणला हे सांगायचा नाही. उरलेली लोकर मीनाक्षीबाईची. ती एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच.

त्या उरल्यासुरल्या लोकरीतून तिनं मांजर केलं. समोर मांजरी बसलेलीच असायची, दाराकडे तोंड करून, कडी कधी निघते याची वाट बघत. मीनाक्षीबाईनं राखाडी लोकरीचा तळहाताएवढा चौकोन विणला, दुमडला, कडा शिवल्या. वरची दोन टोकं दोऱ्यानं आवळली, की आपोआप कान उभे राहिले. पोटात लोकरीचेच तुकडे भरले. डोळे मोहरीच्या रंगाचे, कुण्या साहेबाच्या स्वेटरातून उरलेले. मिशा काथ्याच्या. पाठीला सेफ्टी पिन टाचली, झाला पदराला लावायचा ब्रोच. मी तो हातात घेऊन पाहिला तेव्हा हसूच फुटलं. मांजरीचा तो वैतागलेला चेहरा हुबेहूब उतरला होता. मी म्हटलं, अक्का, हे लावणार कुणाला? ती म्हणाली, गोमतीला. लग्नात मी तर असणार नाही. हे असू दे.

मीनाक्षीबाईचं सगळं मन त्या एका गोष्टीपाशी अडलं होतं. पोरगी सासरी जाताना तिला डोळ्यांनी बघायची. तिनं ते माझ्याजवळ एकदाच बोलून दाखवलं, भिंतीच्या भगदाडातून, ताक देता देता. मुंडावळ्या, अक्षता, काही नको. उंबऱ्यातून निघताना फक्त बघायची. एवढुसं मागणं, आणि तेही मोठ्यानं मागायची चोरी.

गोमतीला स्थळ आलं ते मद्रासचं. आपल्यातलेच लोक, घरात मराठी बोलणारे, मुलगा पद्मनाभ कचेरीत कामाला, आई तुळसाबाई सगळ्या घराचा लगाम धरून. मुलगी दाखवायच्या दिवशी मीनाक्षीबाईनं पहाटे उठून सांजा केला, केळ्याची भजी तळली, कॉफीची पूड ताजी दळली. पाहुण्यांचा जटका कोपऱ्यावर वळला, की घोड्याच्या टापा ऐकून कामाक्षीनं मांजरी उचलली आणि म्हणाली, "अक्का, तुम्हीपण." पोरीची जन्मदाती आई सरपणावर बसली आणि काकाकाकू आईबापांच्या पाटावर. पाहुण्यांनी सांजा दोनदा मागून घेतला. तुळसाबाई भजी खाताना बोटं चाटत होती. मी तिथंच होते, सुवासीण म्हणून मिरवायला.

गोमती नमस्काराला वाकली तेव्हा तिचा पदर सरकला आणि खांद्यावरचं मांजर दिसलं. पोरीनं ते आत लपवून लावलं होतं. कामाक्षीचा चेहरा असा पांढरा पडला! जिवंत मांजर कोंडून ठेवावं आणि लोकरीच्यानं ऐन वेळी आडवं यावं. पण तुळसाबाईला ते फार आवडलं. तिनं पोरीला जवळ ओढलं, मांजराचे कान चिमटीत धरून पाहिले आणि विचारलं, कुणी केलं गं? गोमती तोंड उघडणार, एवढ्यात कामाक्षी म्हणाली, "आमच्या गोमतीनंच की! हातात फार कला आहे पोरीच्या."

त्या पोरीला सुई कशी धरायची हेही येत नव्हतं. आईला शिकवूच दिलं नव्हतं. म्हणे, असल्या हातची विद्या कुमारिकेला लागायला नको. मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

स्थळ जमलं. तुळसाबाईनं जाताना हसत हसत सांगितलं, लग्नात माझ्या सगळ्या लेकींना असं एकेक मांजर पाहिजे, आणि मलाही. झालं. मग सरपणाच्या खोलीत मांजरांचा कारखानाच उघडला. डब्यातली लोकर तळाला जाईस्तोवर विणलं. तपकिरी, पांढरं, निळंसुद्धा, कारण निळी लोकर उरली होती. सेतुराम दाराशी येऊन विचारायचा, वैनी, झाली का? तेवढ्यापुरती वैनी. मीनाक्षीबाईला मी म्हटलं, अक्का, नाही म्हणा. एकदा तरी नाही म्हणा. ती टाके मोजत होती. म्हणाली, पोरीच्या सासरी जातील ती, जाऊ देत. कुठंतरी माझ्या हातचं काही उघड्यावर राहील.

लग्न घरच्याच मांडवात झालं. तिरुभुवनमचं रेशीम, दारात केळीचे खांब, नादस्वर, सगळं साग्रसंगीत. वरपक्ष मांडवात आला तेव्हा मी पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी, शिंपडायला दारात उभी होते. पुढं तुळसाबाई, मागं तिच्या लेकी, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर मांजर. मांजरांची अशी वरात मी जन्मात पाहिली नव्हती. कामाक्षी त्यांना ओवाळत होती, हळदकुंकू लावत होती, या या म्हणत होती. आणि परसाकडे कडी लावलेली. गल्लीतल्या बायका मला विचारायला लागल्या, हसताय काय अंबुजाबाई? हसत कुठली! दुसऱ्याच्या लग्नात थुंकता येत नाही म्हणून हसले.

मुलगी निघायची वेळ झाली. स्टेशनावर जायला जटके उभे. राहुकाळ लागायच्या आत उंबरा ओलांडायला हवा होता; राहुकाळात इथं कुणी पाऊल टाकत नाही, मग गाडी चुकली तरी बेहत्तर. सेतुरामाला घाम फुटलेला, तो माझ्याकडे बघून खोकला. मी घागर कमरेवर घेतली. आणि गोमती उंबऱ्याच्या आतच थांबली.

काकानं म्हटलं, चल. काकूनं पाठीला हात लावला. ती हलेना. मला वाटलं रडत असेल, पण पोरीचे डोळे कोरडे ठणठणीत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अंबुजाकाकू, तुम्ही नका येऊ समोरून. माझी आई येऊ दे. मग मी निघते."

नादस्वरवाल्यानंसुद्धा तोंडातली पिपाणी काढली. सेतुराम दात खाऊन कुजबुजला, शोभा करू नकोस, विधवेचं तोंड बघून कोण सासरी जातं? नवरदेव मनगटावरचं घड्याळ बघत होता. तेवढंच केलं त्यानं. बायकोकडे नाही, आईकडे नाही, घड्याळाकडे. तेव्हाच मला कळलं हा माणूस जन्मभर काय करणार आहे.

माझ्यानं राहवेना. मी भरली घागर तिथंच मांडवात ठेवली, माजघरातून सरळ परसाकडे गेले आणि कडी काढली. कामाक्षी मागून धावत आली, अहो काय करताय, पोरीचं वाटोळं होईल. मी तिला म्हटलं, "मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, कामाक्षी. बाजूला हो."

दार उघडताच आधी मांजरी सुटली. माजघर, ओसरी, मांडव, सगळ्या वऱ्हाडाच्या पायांमधून ती सरळ आडवी गेली आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीवर जाऊन बसली. वऱ्हाडात शिव शिव सुरू झालं. तिच्या मागून मीनाक्षीबाई आली. लाल अलवण, बोडकं डोकं, उन्हाला सरावली नव्हती म्हणून डोळे बारीक केलेले. हातात सुया तशाच. त्यांच्यावर अर्धं मांजर, एकच कान झालेलं, आणि लोकरीचा धागा मागं परसापर्यंत लोंबत आलेला.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. तुळसाबाईनं ते अर्धं मांजर पाहिलं, मग आपल्या खांद्यावरचं पाहिलं. तिचा हात पिनेकडे गेला. झुरळ अंगावर चढलं असतं तर जसं केलं असतं तसं तिनं ते दोन बोटांच्या चिमटीत उपटलं आणि उंबऱ्याबाहेर टाकलं. पाठोपाठ लेकींनी. एक, दुसरी, तिसरी, पटापट. याच बाईच्या हातची भजी खाऊन बोटं चाटली होती, पण ती पोटातून काढून टाकणार कशी? धाकटी तेवढी उभी राहिली, तिनं मांजरावरून पदर ओढून घेतला आणि दुसरीकडे बघत राहिली.

सेतुरामानं गोमतीला खूण केली, तुझंही काढ. गोमतीनं पदर उलट मागं सारला. राखाडी मांजर सगळ्यांना दिसेल असं पुढं आणलं आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मीनाक्षीबाईनं तिला उठवलं. पिन तिरकी झाली होती ती सरळ केली. बोलायला वेळ नव्हता, राहुकाळ लागत होता आणि जटक्यात भांडी चढवून झाली होती. सून नको म्हणायची मात्र कुणाची छाती झाली नाही. सेतुरामाच्या दुकानातलं पितळ केव्हाच पसंत पडलं होतं. गोमती जटक्यात बसली. तिची आई मांडवाच्या मधोमध उभी राहून, जटका कोपऱ्यावर वळेपर्यंत, तिला बघत होती.

मग ती वाकली आणि धुळीत पडलेली मांजरं एकेक करून उचलायला लागली. कामाक्षी किंचाळली, अक्का, टाका ती, लोकांनी फेकलेली, पायदळी गेलेली, विटाळलेली, घरात आणू नका.

मीनाक्षीबाईनं शेवटचं मांजर झटकून घेतलं. "लोकर आहे, कामाक्षी. हिला विटाळ लागत नाही. आपल्या सासूबाईंनीच सांगितलंय."

त्या दिवशी ती सरपणाच्या खोलीत परत गेली नाही. डबा घेऊन रस्त्याकडच्या ओट्यावर बसली आणि विणत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाक उरकून पुन्हा तिथंच. सेतुराम दुकानाला निघाला, दारात आला, ओट्यावर बोडकं डोकं बघून आत फिरला. वैनी, आत चला, म्हणाला. ती टाके मोजत होती. ओढून आत नेणार कसा, सोवळ्यातल्या बाईला हात लावायचा नाही ना! त्यांचंच शास्त्र त्यांच्याच नरड्याशी आलं. मांजरी तिच्या शेजारी पाय पसरून झोपते आता.

तेव्हापासून पुष्कराजवाले सेतुरामराव रोज मागच्या दारानं दुकानाला जातात. मागच्या दाराचा रस्ता म्हणजे संडासांच्या टोपल्या नेतात तो बोळ. धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलेलं, नाकाला उपरणं, आणि तोंडानं विठ्ठल विठ्ठल. मी परसात भांडी घासताना बघते. घासून भांडी अशी चकचकीत होतात की काही विचारू नका.

गोमतीचं कसं चाललंय ते मला नीट ठाऊक नाही. धाकट्या नणंदेचा तिच्यावर जीव आहे असं ऐकते. तेवढंच बरं.

परवा कामाक्षी भिंतीच्या भगदाडाशी आली. हात चोळत उभी राहिली. ह्यांचं बँकेत मोठं काम आहे, म्हणाली, उद्या सकाळी घागर घेऊन जरा समोरून याल का? मी विचारलं, कुठं? तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, मागच्या बोळात.

मी तिला सांगितलं, मला कशाला बोलावता, मांजरी सकाळी उंदरांसाठी त्याच बोळात असते, ती जाईल की समोरून.